अनुभव: शून्य वर्षे. सातारा-सांगलीचा सैनिक घरी आल्यावर काय करतो?

(एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका फॉर्मपासून करतो.

चारेक वर्षांपूर्वी माझा मामा फौजेतून परत आला. आईचं माहेर सातारा तालुक्यातलं. मामा सिग्नलमध्ये होता, १७ वर्षं. जबलपूरला ट्रेनिंग, मध्ये महूला कोर्स, मग काश्मीर, राजस्थान, ईशान्य भारत, परत काश्मीर. नायक म्हणून पेन्शनवर आला तेव्हा वय ३७. आल्यावर मला म्हणाला, "तुमच्या कंपनीत बघ की काय जमतंय का." मी कंपनीच्या पोर्टलवर त्यांचं रेफरल टाकलं. फॉर्ममध्ये एक ड्रॉपडाउन होता, आधीच्या कामाचं क्षेत्र निवडायचं. बँकिंग होतं, रिटेल होतं, टेलिकॉम होतं. सैन्य नव्हतं. मी 'इतर' निवडलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: संबंधित अनुभव शून्य वर्षे. खाली एचआरनं आपुलकीनं लिहिलं होतं की सुरक्षारक्षकांची भरती आमचा व्हेंडर करतो, हा त्यांचा नंबर.

तो नंबर मी मामांना पाठवला. मीच. त्यात काही चुकतंय असं तेव्हा मला वाटलंसुद्धा नाही.

मामा दोन वर्षं हिंजवडीत एका गेटवर उभे होते. त्या दोन वर्षांत मला एक प्रश्न पडला. आपल्या भागातून लोक फौजेत जातायत त्याला शंभर वर्षं होऊन गेली. मग ते परत आल्यावर त्यांना नवं काम, त्यातही यंत्राचं, तंत्राचं काम शिकवायचं, हे आधी कुणाला सुचलंच नव्हतं का? शोधायला लागलो तर कळलं की सुचलं होतं. आणि तुम्ही रोज ज्या दोन गोष्टी बघता त्या त्यातूनच निघाल्यात. त्या कोणत्या ते पुढे सांगतो, थांबा जरा.

आधी भूगोल नीट करून घेऊ. सातारा आणि सांगली असं मी एका दमात म्हणतोय, कारण जुन्या कागदात ते बरंचसं एकच आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग आणि आसपासची संस्थानं मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. माझे वडील तासगावचे, आई साताऱ्याची. म्हणजे घरातच अखंड सातारा जिल्हा आहे म्हणायला हरकत नाही.

या पट्ट्यात फिरलात तर काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक पाटी दिसेल. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं बसवलेली. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. सगळ्यात प्रसिद्ध गाव अपशिंगे, ज्याच्या नावातच आता 'मिलिटरी' आहे. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. ४६! एका गावातून.

ते गेले कुठे? बरेचसे मराठा पलटणींमध्ये, आणि त्या पलटणींचं मोठं मैदान होतं मेसोपोटेमिया, म्हणजे आजचं इराक. कुत-अल-अमारा नावाच्या गावात पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढा घातला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शेवटी घोडे आणि खेचरं खायची वेळ आली, शरणागती झाली, आणि कैद झालेल्यांपैकी कितीतरी जण वाळवंटातून चालतानाच संपले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. गावच्या पाटीवर आकडा आहे, नावं नाहीत. तिकडे बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक उभारलं. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव, आणि त्याखाली किती गेले त्याचा आकडा. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं या असल्या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी. उशिरा, पण मागितली.

हे मेलेल्यांचं झालं. जगून परत आलेल्यांचं काय?

त्यासाठी अजून थोडं मागे जाऊ. साताऱ्यात स्थायिक झालेला सगळ्यात महत्त्वाचा माजी सैनिक कोण, असं मला विचारलं तर मी सुभेदार रामजी सकपाळ यांचं नाव घेईन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. ते फौजेत लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, महूला. हो, तेच महू जिथे माझ्या मामानं कोर्स केला. निवृत्तीनंतर रामजी कुटुंब घेऊन साताऱ्याला आले. १९०१ च्या सुमारास कोरेगावला दुष्काळी कामावर तलाव बांधणं चालू होतं, तिथे ते खजिनदार होते. शिकलेला, हिशोबात पक्का, शिस्तीचा माणूस, एका सरकारी बांधकामाची रोकड सांभाळतोय. माजी सैनिकाची दुसरी नोकरी, आपल्या जिल्ह्यातली, सव्वाशे वर्षांपूर्वीची.

आणि त्याच नोकरीमुळे तो प्रसंग घडला. वडिलांना भेटायला लहान भीमराव आणि भावंडं साताऱ्याहून रेल्वेनं मसूरला उतरली. निरोप न पोचल्यामुळे घ्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर गाडीवान बैलगाडी हाकेना, वाटेत प्यायला पाणी मिळेना. बाबासाहेबांनी हे पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलं. सुभेदाराची मुलं होती ती. सुभेदारकीचा मान छावणीच्या फाटकापर्यंत होता, मसूर स्टेशनवर त्याची किंमत शून्य. शिवाय त्याआधीच १८९० च्या दशकात इंग्रजांनी महार समाजाची भरती बंद करून टाकली होती. सैनिकाचा सन्मान म्हणताना तो कुठल्या सैनिकाचा, हेही विचारायला हवं, म्हणून हे सांगितलं.

आता मुद्द्यावर येतो. १९१७. मेसोपोटेमिया आणि फ्रान्सहून जहाजं मुंबईला लागतायत आणि त्यातून हात गेलेले, पाय गेलेले, डोळे गेलेले शिपाई उतरतायत. या माणसानं गावी जाऊन करायचं काय? नांगर धरायला दोन हात लागतात. त्या वर्षी मुंबईच्या गव्हर्नरची बायको, लेडी विलिंग्डन, हिच्या पुढाकारानं मुंबईत एक शाळा निघाली. क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल, अपंग हिंदी सैनिकांसाठी. शिकवायचे काय? मोटार चालवणं, ऑइल इंजिन चालवणं, फिटर-टर्नरचं काम, शिवणकाम, विणकाम.

मोटार आणि ऑइल इंजिन ऐकून तुम्हाला जुनाट वाटेल. पण १९१७ चा विचार करा. साताऱ्यात तेव्हा मोटारी किती असतील? ऑइल इंजिन म्हणजे त्या काळचं नवं कोरं तंत्रज्ञान. सांगली भागात, तेव्हाच्या औंध संस्थानात, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला होता, तोही लोखंडी नांगरांवर चालला होता. म्हणजे आज एखाद्याला क्लाउड शिकवावं तसं तेव्हा इंजिन शिकवणं होतं. पाय गेला तर बसून लेथ चालवता येईल, कुठल्या दुखापतीला कुठलं यंत्र जमेल, असा हिशोब कुणीतरी बसून केला होता. मला त्या अनोळखी माणसाचं फार कौतुक वाटतं.

आता यात राज्यकर्त्यांचा स्वार्थ होता का? होताच की. लंगडा शिपाई गावात भीक मागताना दिसला तर पुढची भरती कोण होणार? पण शाळा टिकली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली आणि आजही आहे. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. लेथच्या जोडीला तिथे आता कॉम्प्युटरही आहेत. शंभरी ओलांडली त्या संस्थेनं. पुण्यात वानवडीला १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. आपण मुंबई-पुणे करताना खडकी स्टेशनवरून किती वेळा जातो, पण हे कुणी सांगत नाही.

तर आता त्या दोन गोष्टी.

दुसरं महायुद्ध. हिंदी सैन्य फुगत फुगत २५ लाखांवर गेलं. आणि हे युद्ध वेगळं होतं, रायफलइतकंच ते स्पॅनरवर चाललेलं होतं. रणगाडे, ट्रक, वायरलेस, जनरेटर. एवढे कारागीर आणायचे कुठून? म्हणून सरकारनं १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली आणि खेड्यातल्या पोरांना फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन करायला घेतलं. १९४३ मध्ये सैन्यात इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनियर्सची वेगळी कोअर झाली, तीच आजची ईएमई. ज्या पोरानं गावात बैलगाडीचा आस सोडून दुसरं यंत्र पाहिलं नव्हतं, तो इटलीत ट्रकचा गिअरबॉक्स उघडत होता.

(गंमत बघा, याच वर्षांत याच साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. एकाच भावकीतला एक इंग्रजांच्या फौजेत आणि दुसरा भूमिगत. त्यावर वेगळा एपिसोड करायचाय, कुणाकडे घरातल्या आठवणी असतील तर कळवा.)

युद्ध संपलं. आता हे लाखो लोक घरी येणार. जुलै १९४५ मध्ये सरकारनं एक खातं काढलं, डायरेक्टोरेट जनरल ऑफ रिसेटलमेंट अँड एम्प्लॉयमेंट. काम एकच, सुटी झालेल्या सैनिकांना आणि युद्धकामगारांना मुलकी कामात बसवायचं. त्यासाठी ठिकठिकाणी नोंदणीची केंद्रं, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, आणि जोडीला धंदेशिक्षणाचे वर्ग. मग फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले, त्यांनाही याच केंद्रांत घेतलं. १९४८ मध्ये एक्स्चेंजची दारं सगळ्यांना उघडली. आणि १९५० मध्ये त्याच खात्यानं कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यातून उभ्या राहिल्या आयटीआय. १९५६ मध्ये दोन्हींचा रोजचा कारभार राज्यांकडे आला.

परत एकदा सांगतो. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आणि आयटीआय. तुमच्या तालुक्याची ती पिवळट इमारत, जिथे तुमचा चुलतभाऊ वायरमनचा ट्रेड करतो, तिची मुळं परत येणाऱ्या सैनिकासाठी काढलेल्या खात्यात आहेत. मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून गॅलरीत गेलो होतो. आमच्या बीटेकच्या चार वर्षांत आम्ही आयटीआयच्या पोरांकडे ज्या नजरेनं बघायचो ना, ती आठवली.

अमेरिकेत याच सुमारास, जून १९४४ मध्ये, जीआय बिल आलं. सैनिकानं कॉलेजात जावं, सरकार फी भरेल. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. त्यावर शेकडो व्हिडिओ सापडतील. तिथेही काळ्या सैनिकांच्या वाट्याला त्यातलं फार कमी आलं, हे मात्र कमी व्हिडिओंत सापडेल. आपल्याकडची १९४५ ची गोष्ट त्याहून खूप लहान होती, पैसा नव्हता, दोन वर्षांवर स्वातंत्र्य आणि फाळणी येऊन ठेपलेली. तरी ती संस्था म्हणून अजून उभी आहे. फक्त कुणासाठी उभी राहिली ते आपण विसरलो.

आता सांगलीकडे वळू, कारण या सगळ्याचा एक जिता-जागता माणूस तिथला आहे.

मी इस्लामपूरला बीटेक केलं. आता ईश्वरपूर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही. चार वर्षं पेठ नाक्यावर उभा राहून एसटीची वाट बघितली. वडापाव खाल्ले, मोबाइलवर गाणी ऐकली. आणि त्या चार वर्षांत मला कुणी सांगितलं नाही की याच पेठचे मुरलीकांत पेटकर. आता 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झालेत. २०२४ मध्ये आला तो, कार्तिक आर्यनचा. पण सिनेमात मैदानाचा भाग मोठा असतो, साहजिक आहे. मला त्यांच्या नोकरीचा भाग सांगायचाय.

पेटकर ईएमईमध्ये होते. म्हणजे तांत्रिक कोअरचा जवान आणि बॉक्सर. १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये त्यांना अनेक गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. त्या वेळी संरक्षणमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण. तेही याच मातीतले, देवराष्ट्रेचे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली तेव्हा ते मुख्यमंत्री होते. म्हणजे मंत्रीही सांगली-साताऱ्याचा आणि जखमी जवानही.

पेटकरांना मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात हलवलं. उपचार म्हणून पोहायला सांगितलं. तिथून पुढे १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम आणि भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री कधी मिळाली? २०१८. मधली ४६ वर्षं मोजा. योगायोग बघा, अपशिंग्याच्या पाटीचा आकडाही तोच आहे.

पण त्या ४६ वर्षांत पेटकर जगले कसे? टाटांकडून जखमी सैनिकांना मदत देऊ केली गेली तेव्हा पेटकरांनी पैसे नाकारले आणि काम मागितलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. त्यांना पुण्यात टेल्कोत नोकरी मिळाली. ट्रक बनवणारा कारखाना, आणि नोकरीला आलेला माणूस ईएमईचा. तिथे त्यांनी जवळजवळ ३० वर्षं काम केलं. सुवर्णपदक मिळवणारा माणूस तीन दशकं रोज कारखान्यात हजेरी लावत होता. मला ही गोष्ट पदकापेक्षा मोठी वाटते, पण हे माझं मत झालं. तुम्ही भांडू शकता.

आणि आता आजचं. दरवर्षी देशात साठ हजारांच्या आसपास सैनिक निवृत्त होतात, बहुतेकांचं वय ३५ ते ४५. कर्ज, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, सगळं त्याच वयात असतं. केंद्र सरकारच्या गट 'क' मध्ये १० टक्के आणि 'ड' मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. १५ वर्षं सेवा झाली की ठराविक अटींवर पदवीशी समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या तोंडावर कोर्स घेतं, त्यात आयटीचेही असतात. जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय असतं. आपल्या राज्याचं माजी सैनिक महामंडळ, मेस्को, सुरक्षारक्षकाचं काम मिळवून देतं आणि त्यावर अनेक घरांची चूल पेटते. गेटवरची नोकरी हलकी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. मामांनी दोन वर्षं ती केली आणि कधी तक्रार केली नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या माणसाला दुसरं काय येतं, हे आपण विचारलं होतं का.

मला उत्तर मिळालं ते दिवाळीत. आजोळी गेलो होतो, घरातलं फायबरचं इंटरनेट बंद. मी राउटर दोनदा बंद-चालू केला आणि कस्टमर केअरला फोन लावला. हेच माझं इंजिनियरिंग. दुपारी एक पोरगा मशीन घेऊन आला. मामा अंगणात शेंगा फोडत बसले होते. तिथूनच विचारलं, "लाइट किती यायलीय?"

पोरगा म्हणाला, "मायनस तीस."

"मग कसं चालंल? सत्तावीसच्या खाली गेलं म्हंजे वाटेत कुठंतरी वाकलंय नाय तर जोड खराब हाय. काल पोलावर कोण चढलं हुतं?"

काल माळा लावायला शेजारचा पोरगा चढला होता. केबल खिळ्यात वाकली होती. वीस मिनिटांत काम झालं. तो पोरगा मामांना म्हणाला, "साहेब, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?"

मी तिथेच उभा होतो. आमच्या कंपनीत सिस्टीम बंद पडली की पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो, शेवटचा बदल कुणी केला? हा प्रश्न विचारायची सवय लागावी म्हणून आमचं वेगळं ट्रेनिंग झालं होतं. मामा शेंगा फोडत फोडत तो विचारत होते.

त्या रात्री आम्ही दोघं बसलो. मी वही घेतली. म्हटलं, "मामा, तुम्ही १७ वर्षं नक्की काय केलं ते सांगा." म्हणाले, "ड्युटी केली. आजून काय." मग हळूहळू निघायला लागलं. बर्फात फायबर जोडणं. रेडिओ रिलेचा अँटेना वाऱ्यानं हलला की परत रोखणं. जनरेटर. एक्स्चेंज. आणि रात्रीची पाळी संपली की वहीत लिहून द्यायचं, कुठली लाइन कधी गेली, कशानं गेली, काय केलं, काय राहिलं. "ते लिवल्याशिवाय पाळी सुटत न्हाई. पुढच्याला काय कळणार?" मी त्याच्या शेजारी आमच्या भाषेत लिहीत गेलो. फायबर स्प्लायसिंग. मायक्रोवेव्ह लिंक मेंटेनन्स. पॉवर बॅकअप. इन्सिडंट लॉग. शिफ्ट हँडओव्हर. दोन पानं भरली. तोच माणूस, तेच काम. चार वर्षांपूर्वी त्याच्यासमोर मी 'इतर' निवडलं होतं.

लष्करी ट्रेड मुलकी कामाशी कसा जुळतो याची पुस्तिका सरकारनं फार पूर्वीच काढलेली आहे. म्हणजे हे भाषांतर नवीन नाही, १९४५ च्या खात्याचा धंदाच तो होता. आमच्या पोर्टलच्या ड्रॉपडाउनला ते माहीत नाही, इतकंच. आणि तो ड्रॉपडाउन माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलाय.

पुढचं पटकन सांगतो. मामांनी नेटवर्किंगची सर्टिफिकेशन परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले. विषय येत होता, इंग्रजी प्रश्न वाचण्यात वेळ गेला. दुसऱ्यांदा पास. तरी पोर्टलवरून काहीच आलं नाही. नोकरी लागली ती त्यांच्या युनिटच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या ओळखीनं, पुण्यातल्या एका लहान कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये, रात्रपाळीला. मला याचा आनंद आहे आणि रागही आहे. ज्याच्या ओळखीचे सुभेदार नाहीत त्यानं काय करायचं?

कारण आता घाई आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांतला जास्तीत जास्त एक कायम, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पहिल्या तुकड्या २०२२-२३ च्या हिवाळ्यात ट्रेनिंगला गेल्या. हिशोब तुम्हीच करा, २०२६ च्या शेवटापासून ही पोरं परत यायला लागणार. वय २१ ते २७. पेन्शन नाही. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या किती गावांत ती असतील, ते पहाटे रस्त्याकडेनं पळणारी पोरं बघितली की कळतं. माझा एक मावसभाऊ त्यातलाच. सिग्नललाच आहे. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याला एकच काम सांगितलं, रोज काय केलंस ते वहीत लिहीत जा. नावासकट, यंत्रासकट. गुपित असेल ते सोडून, अर्थात. मामांनी त्याला वही आणून दिली, जाड पुठ्ठ्याची.

आमच्या कंपनीत मी त्या ड्रॉपडाउनसाठी तिकीट टाकलंय. 'सशस्त्र दले' असा एक पर्याय जोडा, आणि तो निवडला की खाली ट्रेड विचारा. पाच ओळींचा बदल आहे. तिकीट अजून उघडं आहे, प्रायॉरिटी लो.

काल रात्री उशिरा मामांचा मेसेज आला. त्यांच्या सेंटरला एक लिंक गेली होती, परत आली. सकाळी पाळी सोडताना त्यांनी हँडओव्हरची नोंद लिहिली होती, तिचा फोटो पाठवला. वेळ, कारण, काय केलं, काय राहिलं. खाली विचारलं होतं, "इंग्रजी बरोबर हाय का बघ." एक स्पेलिंग चुकलं होतं. मी सांगितलं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडला. तुमच्या गावच्या भिंतीत अशी पाटी असेल तर फोटो पाठवा, आणि घरातल्या कुणाला त्यातली नावं माहीत असतील तर तीही.